मिरगाच्या नऊ दिवस आधी

आमच्या प्रवासाची एक दोनशे पानी वही माझ्याकडे आहे. तीत मैल आहेत, वजनं आहेत, गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता पोचली ते आहे. कुठल्या गावात पाणी गोड होतं आणि कुठं मचूळ, तेही आहे. माणसांबद्दल मात्र जवळजवळ काहीच नाही. ज्या माणसामुळे तो प्रवास पार पडला त्याच्याबद्दल सगळ्या वहीत मिळून तीन ओळी निघाल्या, आणि त्यांतली एक त्याच्या पाठपिशवीच्या वजनाची आहे. ही उणीव माझी आहे. ती भरून काढावी म्हणून हे लिहितो आहे.

त्याचं नाव करीम. यवतमाळच्या एका मोटार गॅरेजमध्ये तो मिस्त्री होता. मी १९५७ साली त्या गावी सरकारी कचेरीत कारकून म्हणून गेलो तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, माझ्याहून एक वर्षानं मोठा. आदल्या वर्षी विदर्भ मुंबई राज्यात आला होता आणि आमच्यासारखे घाटावरचे लोक बदल्यांवर तिकडे जाऊ लागले होते. मी सातारा जिल्ह्यातला. तिथली मराठी पहिले सहा महिने मला अर्धीच कळायची. ‘जेवण करून राह्यलो’ असं कोणी म्हटलं, की हा जेवून मग कुठं राहिला, असा मला प्रश्न पडे. तो माणूस त्या क्षणी जेवत असे, एवढाच त्याचा अर्थ. हळूहळू सवय झाली.

कचेरीची जीप दुरुस्तीला टाकली होती, ती आणायला मला पाठवलं. करीमनं चारची वेळ दिली होती. मी पावणेचारलाच गेलो. तो गाडीखालून म्हणाला, “चारले म्हटलं होतं ना, बाबू? मंग पाव घंटा बसा.” मी बसलो. कचेरीचे चार टोल पडले आणि चौथ्या टोलाला त्यानं चावी माझ्या हातात दिली. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. पुढं दहा वर्षं मी त्याला जवळून पाहिला. त्यानं सांगितलेल्या वेळेत ‘सुमारे’ किंवा ‘जवळपास’ हे शब्द कधी आले नाहीत. “टाइम देला म्हंजे देला,” एवढंच म्हणायचा. मी स्वतः काटेकोर माणूस आहे असं लोक म्हणतात; पण मला घड्याळ लागतं.

उंचीला बेताचा, खांदे रुंद, उजव्या हाताच्या करंगळीचं नख गेलेलं. हात रोज रॉकेलनं आणि मग राखेनं धुवायचा, तरी बोटांच्या रेघांत काळं राहायचंच. त्याला इंजिन ऐकायला आवडे. रस्त्यानं ट्रक गेला, की बोलणं मध्येच थांबवून मान तिरपी करी आणि ट्रक दूर गेल्यावर सांगे, “तिसरा व्हॉल्व्ह बोलून राह्यला.” कोणाला शिव्या देताना मी त्याला ऐकलं नाही. फार राग आला, तर “समजदार आहा तुम्ही,” असं म्हणून तो गप्प बसे. ते ऐकून माणसं शिवीपेक्षा जास्त वरमायची.

आमच्यात तिसरा होता मधू, यवतमाळच्याच एका वकिलांचा मुलगा. नागपूरला कायदा शिकत होता. त्याच्याकडे एक मोठा नकाशा होता, आणि सुट्टीत आला की तो गॅरेजमधल्या टायरवर तो पसरून बसे. इराक, इराण, अफगाणिस्तान. सगळा मुलूख रस्त्यानं जोडलेला होता. मुंबईहून बसऱ्यापर्यंत बोटीच्या उघड्या डेकवरून जायचं, पुढं मिळेल त्या गाडीनं. पाठीवर मावेल तेवढंच सामान, आणि राहायला पैसे द्यायचे नाहीत. कल्पना मधूची, अंतरं आणि दिवस मी मांडले. करीमनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “तिकडं ट्रक चालतेत ना?”

“चालतात.”

“मंग बिघडतही असतीन. झालं तर.”

पाठपिशव्या त्यानंच केल्या, जुन्या ताडपत्रीच्या. कापसाच्या जिनाच्या काट्यावर तोलल्या तेव्हा माझी साडेअकरा शेर भरली, मधूची सोळा आणि करीमची नऊ. मधूच्या पिशवीतून चार पुस्तकं, एक आरसा आणि चिवड्याचा डबा बाहेर काढला. डबा करीमनं पुन्हा आत ठेवला. “हे वझं नाही. हे सामान आहे.”

पण त्याच्या जाण्यात एक अडचण होती. घाटंजीच्या हुसेनचाचांच्या मुलीशी त्याची मंगनी झालेली होती. मुलीचं नाव जुलेखा, पण करीमनं आमच्यासमोर ते कधी उच्चारलं नाही. तो ‘घाटंजी’ म्हणायचा. “घाटंजीले विचारलं पायजे,” “घाटंजीले आवडणार नाही.” आम्हीही तसंच म्हणू लागलो. चाचांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं परवानगी मागायला गेलो. चाचांच्या दाढीत आणि भुवयांत कापूस अडकला होता.

“काहून जातं बा? काय ठेवलं हाये तिकडं?”

“रस्ता पाह्यचा आहे, चाचा.”

“रस्ता! घाटंजी-यवतमाळ रस्ता नाही का मंग?”

“तो पाह्यला.”

आतल्या पडद्यामागं कोणीतरी हसलं. चाचांनी पडद्याकडे रागानं पाहिलं, मग करीमकडे. “मिरगाच्या पह्यले येशीन?”

“मिरगाच्या आठ दिवस पह्यले याच दुकानात उभा राहीन.”

“आला तर लगीन. नाही आला, तर मी पोरीचा बाप आहो. मले बसून राहता येणार नाही. वणीचं एक स्थळ दोनदा येऊन गेलं, तुले ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे.”

“मंग जाय.”

१९६०च्या डिसेंबरात आम्ही निघालो. मला चार महिन्यांची बिनपगारी रजा मिळाली होती.

बोटीवर नऊ दिवस काही काम नव्हतं. करीमनं आईला पत्र लिहायला घेतलं. तो मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकला होता. उर्दू बोलायचा, पण लिहिता येत नव्हतं. आईला कुठलंच अक्षर येत नसे, म्हणजे पत्र दुसरं कोणी वाचून दाखवणार. पान लिहून त्यानं माझ्यापुढं धरलं. “शुद्ध करून दे, बाबू. वाचणारा हसला नाही पायजे.”

एका पानात मी सतरा चुका काढल्या. ‘मले’ नाही, ‘मला’. ‘पायजे’ नाही, ‘पाहिजे’. ‘राह्यलो’ नाही, ‘राहिलो’. मधू आडवा पडून ऐकत होता. तो म्हणाला, “अरे, बोलतो तसं लिहू दे की. त्याची आई सातारची आहे का?” मी म्हणालो, लिहिणं हे लिहिणं असतं. करीमनं गाडीच्या सुट्या भागांचे नंबर पाठ करावेत तशी ती सतरा रूपं दोन दिवसांत पाठ केली आणि नंतर कधी विसरला नाही.

बसऱ्याला उतरल्यावर त्याची खरी किंमत कळली. नव्या गावात शिरलं, की लोक मशीद, बाजार किंवा धर्मशाळा विचारतात. तो गॅरेजं कुठं आहेत ते विचारी. “मिस्त्रीले मिस्त्री ओळखते,” म्हणे. आम्हाला रस्त्याच्या कडेला बसवून तो एखाद्या उघड्या इंजिनाजवळ जाऊन उभा राही. काही बोलत नसे. थोड्या वेळानं हात पुढं करी, आणि समोरचा माणूस न विचारता त्याच्या हातात पाना देई. संध्याकाळी आम्ही तिघं त्या माणसाच्या घरी जेवत असू. बसऱ्यापासून तेहरानपर्यंत एकोणचाळीस मुक्काम झाले. त्यांतले एकतीस असे त्याच्या हातांमुळे मिळालेले.

हमादानच्या अलीकडे एका घाटात आमच्या लॉरीचा फॅनचा पट्टा तुटला. दोन्ही बाजूंना बर्फ होतं. ड्रायव्हर खाली उतरून आभाळाकडे हात करू लागला, मधूचे दात वाजत होते. करीमनं आपल्या पाठपिशवीचा पट्टा उसवला, तिपेडी पिळला, गाठ मारली आणि चाकावर चढवला. पाच मैल गेल्यावर गाठ सुटली, तेव्हा त्यानं दुसरा पट्टाही उसवला. मी म्हणालो, “माझ्या पिशवीचा घे ना.” तो म्हणाला, “तुले पाठीवर घ्यायची सवय आहे. मी डोक्यावर घेईन.” तेहरानपर्यंत त्यानं ती पिशवी गाठोड्यासारखी डोक्यावर वाहिली, आणि आमच्या दोघांच्या पट्ट्यांना हात लावला नाही.

तेहरानला माझी रजा संपत आली आणि मधूची परीक्षा जवळ आली. आम्ही आल्या वाटेनं बोटीनं परतायचं ठरवलं. करीम पुढं जाणार होता. मशहद, हेरात, कंधार आणि मग पेशावर-लाहोर करून अमृतसर. “गेलो त्याच रस्त्यानं आलो, तं अर्धाच रस्ता पाह्यला.” लॉरीत चढताना त्यानं मला सांगितलं, “अम्मीले पत्र वाचून दाखवत जाय. अन् घाटंजीवर ध्यान ठेवजो.”

ते काम मी अंगावर घेतलं आणि नेमानं केलं. पत्र आलं, की संध्याकाळी त्याच्या घरी जायचो. अम्मी चुलीपुढून उठून ओल्या हातांनी समोर बसायची. करीमची पत्रं रस्त्यांबद्दल असत, पूल कसे आहेत, चढ किती आहे, डिझेल कुठलं. अम्मीला त्यात गोडी नव्हती. म्हणून दोन-तीन पत्रांनंतर मी अक्षरशः वाचायचं सोडलं आणि आपल्या शब्दांत सार सांगू लागलो.

हेरातचं पत्र आलं. मग बरेच दिवस काही नाही. एप्रिलच्या शेवटी कंधारचं कार्ड आलं. त्या दिवशी हुसेनचाचा घाटंजीहून मुद्दाम चौकशीला आले होते. कार्डावरचा मजकूर मला आजही पाठ आहे. “लाहोरवरून यायच्या कागदासाठी थांबलो होतो. इथल्या मिस्त्रीने खोली दिली आहे. कायमचा राहा म्हणतो. काम चांगले आहे. अम्मीला सांगावे की मी येऊन राहिलो. काळजी करू नये. घाटंजीला कळवावे.”

एकही चूक नव्हती. मला ते पाहून बरंसुद्धा वाटलं.

“काय लिवलं रे बाबू?” अम्मीनं विचारलं.

मी पुन्हा वाचलं. खोली मिळाली आहे, काम चांगलं आहे, मालक राहा म्हणतो आहे, येऊन राहिलो. अर्थ उघड होता.

“तो कंधारलाच राहिला आहे, अम्मी. तिथं काम मिळालं. काळजी करू नका म्हणतो.”

चाचा म्हणाले, “राह्यला म्हंजे? येते का नाही, तेवढं सांगा.”

मला गोलमाल बोलता येत नाही. तो गुण आहे असं मी तोवर समजत होतो. मी म्हणालो, “नाही. आणि घाटंजीला कळवा असं लिहिलं आहे.”

अम्मी जागची हलली नाही. “करीम असं लिवन नाही. पुन्हा पाय.”

मी पुन्हा पाहिलं. मोठ्यानं वाचलं नाही. फक्त पाहिलं आणि म्हणालो, “तेच आहे.”

चाचांनी टोपी सरळ केली, पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला आणि गेले. अम्मीनं कार्ड मागून घेतलं आणि पिठाच्या डब्यामागं ठेवलं. मेच्या मध्याला जुलेखाचं लग्न वणीच्या एका ट्रक ड्रायव्हरशी झालं.

मिरगाला नऊ दिवस बाकी असताना, सकाळी कचेरीला निघायच्या वेळी करीम माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. वाळला होता, ओठ फुटले होते, पिशवीला दोरीचे पट्टे होते. आधी घरी जाऊन आला होता. त्याच्या हातात ते कार्ड होतं.

“बाबू, हे वाच.”

“करीम...”

“मोठ्यानं वाच.”

मी वाचू लागलो. “मी येऊन राहिलो” हे शब्द माझ्या स्वतःच्या आवाजात कानावर पडले आणि मी थांबलो. चार वर्षं मी त्या गावात रोज हे ऐकत होतो. पोरगा बाजारातून येऊन राह्यला, बस येऊन राह्यली, पाहुणे येऊन राह्यले. येऊन राह्यलो म्हणजे येतो आहे, निघालो आहे. माझ्या गावच्या मराठीत, येऊन राहिलो म्हणजे तिथंच राहिलो. त्यानं आपलं वाक्य माझ्या शुद्धलेखनात लिहिलं होतं, आणि मी ते माझ्या गावच्या अर्थानं घेतलं. अम्मीला नुसतं वाचून दाखवलं असतं, तर तिला काही विचारावं लागलं नसतं.

तो खाली बसला. म्हणाला, “राहिलो काहून लिवलं मी?”

“मी सांगितलं होतं. बोटीवर.”

“हो. सतरा होते.”

तो माझ्याकडे पाहत होता, पण त्याच्या पाहण्यात राग नव्हता; एखादी गाडी का बंद पडली याचं कारण सापडल्यावर तो असाच पाही. मग उठला. “चाल. घाटंजीले जाऊ.”

“आता कशाला?”

“मी टायमात आलो, हे चाचाले समजलं पायजे.”

बसनं दीड तास लागला. चाचा दुकानात एकटेच होते. करीमला उंबऱ्यात पाहून त्यांच्या हातातली सुई तशीच राहिली. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, दोनदा मोजलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“नऊ दिवस बाकी हायेत,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. “यानं सांगितलं मले. तुझ्या या दोस्तानं...”

“चाचा, चिठ्ठी मीच खराब लिवली. त्यानं लिवलं होतं तसंच वाचलं.”

मी तोंड उघडलं. करीमनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. माझं बोलणं राहिलं ते राहिलंच.

चाचा म्हणाले, “पोरीले काय सांगू मी? ती तं म्हणत होती थांबा म्हणून. मीच आयकलं नाही.”

करीम हे ऐकून गादीच्या ढिगावर टेकला. येताना त्याच्या मनात एक होतं. आता तो दुसरा विचार करतो आहे, हे मला दिसत होतं. शेवटी तो म्हणाला, “तिले सांगू नका.”

“काय?”

“मी मिरगाच्या पह्यले आलो, हे तिले सांगू नका. मी आलोच नाही. दिवाळीले आला म्हना. टायमाचा कच्चा निघाला म्हना.”

“झूट बोलू?”

“झूट नाही होणार. मी दिवाळीलेच येतो.”

आणि त्यानं तसंच केलं. त्याच दिवशी अम्मीला सांगून, गावात कोणाला तोंड न दाखवता तो नागपूरला गेला. पावसाळाभर तिथल्या एका गॅरेजमध्ये काम केलं आणि दिवाळीला पाठपिशवी घेऊन, जणू परदेशातून आत्ताच येतो आहे असा, भर बाजारातून चालत घरी गेला. लोकांनी थट्टा केली. “काय मिस्त्री, मिरूग निघून गेला ना बाप्पा!” तो हसायचा. त्यानं आयुष्यात मोडलेली ही एकच वेळ, आणि ती त्यानं ठरवून, सांगितल्या दिवशी मोडली. हे चौघांना माहीत होतं. अम्मी आणि हुसेनचाचा आता नाहीत.

त्या प्रकरणावर तो माझ्याशी पुन्हा बोलला नाही. मी एकदा विषय काढला, तर म्हणाला, “समजदार आहा तुम्ही.” मी पुन्हा काढला नाही. त्यानंतर कोणाचंही पत्र मी सार म्हणून सांगितलेलं नाही. त्यानं काय भरून निघालं, ते मला माहीत नाही.

१९६७ साली माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला गॅरेजवर गेलो. एक ट्रक उभा होता आणि करीम त्याच्याखाली होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. ड्रायव्हरच्या जागेवर एक हसऱ्या चेहऱ्याचा, जाडसर माणूस चहाचा ग्लास घेऊन बसला होता.

“आलो रे बाबू, बस,” खालून करीमचा आवाज आला. “हे घाटंजीच्या चाचाचे जावई आहेत. वणीचे.”

ड्रायव्हरनं मला सलाम केला. “सांगा ना साहेब या मिस्त्रीले. एक घंटा झाला. नुसता डिझेलचा पाइप पाह्याले आलतो, तं हे ब्रेक खोलून बसले. अंधाराच्या पह्यले वणीले पोचायचं आहे, घरचे वाट पाहतेत.”

“म्हून तं पाहून राह्यलो,” करीम म्हणाला.

“तुम्ही नका आम्हाले टाइम शिकवू, मिस्त्री!” ड्रायव्हर खिडकीतून वाकून हसला. “मिरगाच्या पह्यले येतो म्हने, अन् आले दिवाळीले! सारं घाटंजी अजून सांगते. मी तं म्हणतो बरं झालं. तुम्ही टायमात आले असते, तं मी कुठं असतो?”

“इथंच. या गाडीत.”

“पण खरं सांगा. होते ना टायमाचे कच्चे?”

“होतो भाऊ,” करीम म्हणाला. “ब्रेक दाबा.”

ड्रायव्हरनं ग्लास बाजूला ठेवून ब्रेक दाबला. खाली पाना फिरल्याचा आवाज आला.

“सोडा... आता दाबा पुन्हा. पूर्ण. धरून ठेवा. मी म्हणतो तोवर सोडू नका.”